पाहुणा आणि गावकरी

परका मुलूख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. शिडांचे गलबत, किनाऱ्यावर उतरणारा झगाधारी धर्मगुरू, भोवती कुतूहलाने जमलेली माणसे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले ते पुन्हा मायदेशी परतलेच नाहीत. १६१९ मध्ये त्यांनी येथेच देह ठेवला. साष्टीच्या खेड्यांत वावरता वावरता त्यांनी येथील भाषा इतकी आपलीशी केली की १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून निघाले. सेमिनरीत हा इतिहास शिकताना आमची छाती अभिमानाने भरून येई. त्या अभिमानात एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. परका मुलूख गाठण्यासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. वसईहून हिंगोलीस सुमारे सहाशे किलोमीटर पडतात. राज्य एक, एसटीची लाल गाडी तीच, पाट्यांवरची लिपी तीच. आणि तरीही गाडीतून उतरून चार दिवस होतात न होतात तोच आपण परदेशी आलो आहोत हे माणसाला उमजू लागते.

हिंगोली हा महाराष्ट्रातील तरुण जिल्ह्यांपैकी एक. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. आमच्या वसईवर १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते, तर या भागावर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे. राज्यकर्ते जातात, त्यांचे शब्द मागे राहतात. येथे धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात, कंत्राटदाराला गुत्तेदार. शेताला वावर म्हणतात आणि वावरातल्या गोठ्याला, छपराला आखाडा. आखाडा म्हणजे कुस्तीची लाल माती एवढेच आम्हांस ठाऊक. येथे तर म्हातारी माणसे रात्री आखाड्यावर झोपायला जातात! "काय करायलात फादर?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा कानी येतो आणि त्याचे उत्तर कोणालाही नको असते, ती केवळ ओळख दाखवण्याची रीत आहे. आम्ही घरी सामवेदी बोलीत वाढलो, सेमिनरीत इंग्रजीत शिकलो आणि व्यासपीठावरून पुस्तकी मराठीत प्रवचने दिली. तिसऱ्याच मराठीत जगण्याचा प्रसंग आमच्यावर पन्नाशीत आला.

वसईत पाऊस पडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी येथे पडतो, आणि तोही लहरीनुसार. दारात विहीर, विहिरीमागे वाडी, वाडीत केळी आणि पानवेल हे ज्याने लहानपणापासून पाहिले त्याला हापशावर कळशीची रांग लावायला शिकावे लागते. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते, म्हणून गावातील पुरुष मध्यरात्री पाणी द्यायला वावरात असतात आणि सकाळच्या मिस्साला येतात ते डोळे चोळत. आम्ही मिस्साची वेळ पुढे ढकलली. कोणत्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथापेक्षा महावितरणचे वेळापत्रक या बाबतीत अधिक उपयोगी पडते. मासळीवाचूनचे जेवण, ज्वारीची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी, मिरचीचा ठेचा यांची सवय मात्र महिनाभरात झाली. पोट हे माणसाच्या अवयवांपैकी सर्वांत लवकर संस्कृती बदलणारे असावे.

खरे अवघड प्रकरण निराळेच असते, आणि ते आडनावापासून सुरू होते.

नवा माणूस गावात आला की पाराजवळ बसलेला वृद्ध प्रथम त्याचे गाव विचारतो, मग आडनाव. आडनाव कळले की पाहुण्याला कोठे बसवायचे, कोणत्या भांड्यातून पाणी द्यायचे याचा निवाडा मनातल्या मनात होऊन जातो. आमचे आडनाव पोर्तुगीज. ते ऐकून विचारणारा अडखळतो, पुन्हा विचारतो आणि शेवटी सरळ म्हणतो, "तसं न्हाई, मूळचे कोण तुम्ही?" या प्रश्नाची वसईकरांनी चेष्टा करू नये. आपल्याकडेही स्थळ पाहताना सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी ही चौकशी ख्रिस्तमंदिराच्या आवारातच होते. केवळ ती अधिक हलक्या आवाजात होते. नमस्काराचेही तसेच. पारावर 'राम राम', बौद्धवाड्यात 'जय भीम', जुन्या ख्रिस्ती घरांत 'सलाम'. येथे माणूस तोंड उघडताच आपण कोठल्या बाजूचे ते सांगून बसतो. आम्ही सर्वांना 'नमस्कार' म्हणू लागलो. त्याने आम्ही बाहेरचे आहोत एवढेच सिद्ध झाले.

गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. गाव लहान आहे. मोजकी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तीही गावकुसाबाहेरच्या वस्तीत. गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने, ज्यांना सारे पाटील म्हणतात, आम्ही येताच आपल्या वाड्यातील एक खोली देऊ केली. फरशी, पंखा, मागे स्वतंत्र विहीर, भाडे नको. त्यांचा हेतू निर्मळ होता याविषयी आम्हांस शंका नाही. शिकलेला, ब्रह्मचारी, देवाचे नाव घेणारा मनुष्य घरात असावा असे त्यांस मनापासून वाटले. आणि मनुष्याने स्थानिक चालीरीतींशी जुळवून घ्यावे असे म्हटले तर गावच्या मानाच्या घरी उतरणे यासारखी दुसरी रीत कोणती?

येथे आम्हांस मदुराईच्या फादर रॉबर्ट डी नोबिलींचे स्मरण झाले. १६०६ साली मदुराईस आलेल्या या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूंनी संन्याशाची वस्त्रे धारण केली, मांसाहार सोडला, तमिळ व संस्कृत यांचा सखोल अभ्यास केला. त्यांच्यावर वाद माजला आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या पद्धतीस मान्यता दिली. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु उच्चवर्णीयांच्या जगात शिरण्यासाठी त्यांना त्याच नगरात आधीपासून असलेल्या परवा समाजाच्या ख्रिस्ती बांधवांपासून वेगळे राहावे लागले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. परवा म्हणजे मच्छीमार. आपल्या कोळीवाड्यांतल्यासारखी माणसे. एका संस्कृतीशी जुळवून घेताना त्यांना स्वतःच्याच धर्मबांधवांना परके करावे लागले. संस्कृती ही एकजिनसी वस्तू आहे असे मानले म्हणजे असे होते. एकाच गावात दोन गावे असतात, आणि आपण कोणत्या गावाशी जुळवून घेतो आहोत हे पहिल्याच दिवशी, झोपायची जागा ठरवताना, ठरून जाते.

आम्ही वस्तीत दोन पत्र्याच्या खोल्या घेतल्या. उन्हाळ्यात त्या भाकरीच्या तव्यासारख्या तापतात. पाटलांनी काही म्हटले नाही, परंतु पुढील कित्येक महिने गावातील बड्या घरांतून कोणी आमच्याकडे फिरकले नाही. वस्तीतही कौतुक झाले नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. "वाड्यात चांगली जागा मिळत होती ती का सोडली?" असे तेथील बायकांनी आम्हांस उघड विचारले. बायको नाही, लेकरे नाहीत, मग भाकरी कोण करणार, ही त्यांची खरी चिंता. त्यांनी आपसांत पाळ्या लावल्या. ज्या घरची पाळी असेल तेथून दुरडीत दोन भाकरी आणि कोरड्यास येऊ लागले. भांडे रिकामे परत करायचे नसते, हे आम्हांस आमच्या आईने शिकविले होते. परंतु स्वयंपाक न करणारा मनुष्य त्यात काय घालणार? आम्ही मूठभर साखर घालू लागलो. पुढे एका मावशीने साखर परत पाठविली आणि सोबत निरोप: "फादरला सांगा, हिशेब नको."

शिकविणारा, देणारा, आशीर्वाद देणारा ही भूमिका आमच्या अंगवळणी पडलेली असते. प्रभूने बहात्तर शिष्यांना गावोगाव धाडताना शिदोरी न घेण्यास सांगितले, पुढे वाढतील ते खाण्यास सांगितले आणि घरे बदलत हिंडण्यास मना केले, हे संत लूकच्या दहाव्या अध्यायात आपण वाचतो. आम्ही त्यावर किती प्रवचने दिली असतील! शिष्यांना गरजवंत करून पाठविण्यात आले होते, ही गोष्ट आम्हांस त्या परत आलेल्या साखरेने समजावून दिली.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहावयास घेतले त्याकडे वळतो.

आमच्यासोबत एक मास्तर आहेत. कॅटेकिस्टला इकडे मास्तर म्हणतात. वय साठीच्या घरातले, वस्तीतच जन्मलेले, दीड एकर कोरडवाहू जमीन, पाठांतर इतके की आम्ही संदर्भ चुकीचा दिला तर मिस्सा संपल्यावर हळूच कानात सांगतात. पाटलांच्या वृद्ध मातुःश्री अंथरुणाला खिळल्या. त्यांना कोणी सांगितले की फादर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांनी मुलाला आमच्याकडे पिटाळले. मास्तरांना घेऊन आम्ही वाड्यावर गेलो. दरवाजातून आत गेल्यावर लागते ती बसण्याउठण्याची जागा, तिला ढाळज म्हणतात. मास्तर तेथेच थांबले. त्यांना कोणी थांबा म्हटले नाही. त्यांचे पाय आपोआप थांबले. आम्ही आत गेलो, आजींच्या उशाशी बसलो, प्रार्थना केली. मग चहा आला. आम्हांस कपबशीत. बाहेर ढाळजेत मास्तरांना एका काचेच्या ग्लासात, आणि तो ग्लास भिंतीतल्या कोनाड्यातून काढलेला होता, घरातून आणलेला नव्हता. मास्तर तो पिऊन विसळणार आणि पुन्हा कोनाड्यात ठेवणार, हे त्यांच्या हालचालीवरूनच कळत होते.

पुढे वाढतील ते खावे, हा एक धडा. दुसरा धडा गलतीकरांस पाठविलेल्या पत्रात आहे. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीत जेवत असत, परंतु यरुशलेमहून काही माणसे आली तसे ते त्या पंगतीतून उठले. आणि संत पौलाने त्यांना सर्वांसमक्ष धारेवर धरले. पेत्रही त्या क्षणी भोवतालच्या माणसांशी जुळवूनच घेत होते. मुत्सद्देगिरी, सौजन्य, वेळ पाहून वागणे, अशी त्याला पुष्कळ चांगली नावे देता येतील.

आम्ही कप घेऊन उठलो, ढाळजेत आलो आणि मास्तरांच्या शेजारी बसून चहा प्यालो. कोणास बोल लावला नाही. पाटील दारात येऊन उभे राहिले, काही न बोलता आत गेले. पुढल्या शुक्रवारी आजींनी पुन्हा बोलावले तेव्हा ढाळजेतच दोन सारख्या कपबश्या आल्या. आत मात्र मास्तरांना कोणी बोलावले नाही.

परतताना मास्तर गप्प होते. हापशाजवळ येऊन थांबले आणि म्हणाले, "फादर, तुमची बदली होईल. मला हितंच ऱ्हायचंय. माझ्या लेकाला उद्या त्यांच्याच आखाड्यावर कामाला जायचंय." आवाजात राग नव्हता, हे विशेष.

ढाळजेत जाऊन बसणे योग्यच होते असे आम्हांस आजही वाटते. ते पुन्हा करावे लागले तर पुन्हा करू. परंतु मास्तरांच्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या मिशनकार्यावरील आदेशपत्रात लोकांच्या जीवनाशी समरस होण्यास सांगितले, त्यावर आम्ही सेमिनरीत निबंध लिहिले, चर्चासत्रे केली. त्या साऱ्या चर्चेत जुळवून घेणारा म्हणजे बाहेरून आलेला हे आम्ही गृहीतच धरले होते. मास्तर साठ वर्षे जुळवून घेत आले आहेत, त्यांचे वडील त्याआधी. त्यांचे पाय ढाळजेत आपोआप थांबतात हे सर्वांत पूर्ण झालेले अनुकूलन नव्हे काय? शिवाय त्यांनी श्रद्धेची किंमत कागदावरही मोजली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना त्या आजतागायत नाहीत. म्हणजे पारावर जात सुटत नाही, आणि कचेरीत ती सापडत नाही. आमची बदलीची पिशवी मात्र खुंटीला टांगलेलीच असते. ज्याला परत जाण्याचे गाव आहे तो मनुष्य पत्र्याच्या खोलीत कितीही वर्षे तापला तरी त्याचे राहणे निराळे.

या जिल्ह्यानेच जगाला एक असा मनुष्य दिला की जो परमुलखात गेला आणि तेथलाच झाला. कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते पूजनीय आहे, आणि आता ते नरसी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. १२७० ते १३५० हा नामदेवांचा काळ. जातीने शिंपी. पंढरीचा हा भक्त उत्तरायुष्यात पंजाबात गेला, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमाण येथे अनेक वर्षे राहिला, तिकडच्या भाषेत त्याने पदे रचली. त्यांतील एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमाणला भरले तेव्हा अनेक मराठी माणसांना हे गाव प्रथमच कळले. शीख यात्रेकरूंना मात्र नरसीचा रस्ता त्याआधीपासून ठाऊक होता.

औंढ्याच्या नागनाथ मंदिराविषयी येथे घरोघरी एक कथा सांगतात. नामदेव मंदिरासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठविले आणि मागे जाण्यास सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा मंदिरच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. कथेतल्या चमत्काराविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु ती ज्यांनी जतन केली त्यांना मागे पाठविले जाणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक असले पाहिजे. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता ते कोसळून १३३८ साली गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या त्या नामदेवांनीच, असे परंपरा सांगते. महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली गेली; म्हणजे दारापर्यंत. दाराच्या आत त्यांच्या समाजाला पाऊल टाकता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. मधे सहा शतके गेली. मास्तर ढाळजेत का थांबतात हे आम्हांस औंढ्याच्या त्या कथेनंतर अधिक समजू लागले, आणि मास्तरांनीच ती आम्हांस सांगितली होती.

आषाढी झाली की पंढरपूरहून परतणारे आणि आसपासचे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नरसीला येतात. तिला परतवारी म्हणतात. गर्दी अफाट असते. यंदा गावातील तरुणांनी रस्त्याच्या कडेला फराळाची सोय केली होती आणि पाणी वाटायला माणसे हवी होती, म्हणून मास्तर आणि आम्ही गेलो. दुपारी पाऊस थांबला तेव्हा वाढणारेही खाली बसले. एकाच ताडपत्रीवर, एका ओळीत. पाटलांचा मुलगा पत्रावळीवर साबुदाण्याची खिचडी वाढत होता. मास्तरांपाशी आला, वाढली, "अजून घ्या" म्हणाला, आणखी वाढली आणि पुढे गेला. परतीच्या जीपमध्ये मास्तर म्हणाले, "नामदेवाच्या दारात सगळं चालतंय, फादर."

त्यापुढच्या शुक्रवारी आम्ही वाड्यावर गेलो. चहा ढाळजेतच येणार हे आम्ही धरून चाललो होतो, आणि तसेच झाले. फक्त त्या दिवशी आजींनी हट्ट करून आपली बाज ढाळजेत आणवून घेतली होती. भिंतीला टेकून त्या बसल्या होत्या. आम्ही प्रार्थना केली. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिले आणि विचारले की त्यांच्या वावरात हळद उगवली का, की बेणे कुजले या पावसाने. मास्तर उभे होते. "बसा की," आजी म्हणाल्या, "किती उभं ऱ्हाता." मास्तर बसले आणि हळदीचे सांगू लागले.